इशारा आला, आता 'नाही' कोण म्हणणार? बदलतं हवामान आणि पोलिसांचं नेतृत्व

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

हवामानबदलावर आपल्याकडे शेती, पाणी, आरोग्य अशा अंगांनी पुष्कळ लिहिलं जातं. पोलिसांच्या अंगाने फारसं कोणी बोलत नाही. मी खात्यातून निवृत्त झालोय, बहुतेक नोकरी कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात गेली, आणि माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं आज ठाणी सांभाळतायत. त्यांची काळजी वाटते म्हणून हा धागा काढतोय.

ठाण्याचं वर्ष बंदोबस्तावर चालतं. शिवजयंती, आंबेडकर जयंती, मोहरम, गणपती, नवरात्र, मध्येच निवडणूक. प्रत्येकाची फाईल असते. गेल्या वेळी कुठे किती माणूस लावला, कुठल्या चौकात गडबड झाली, कोणाकडून बॉण्ड लिहून घेतला, सगळं त्यात असतं. नवा अधिकारी बदलून आला की फाईल उघडतो आणि कामाला लागतो. पुराची अशी फाईल मला फार कमी ठाण्यांत बघायला मिळाली. आपत्ती म्हणजे महसूलचं काम, आपण माणूसबळ पुरवायचं, अशी जुनी समजूत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये या समजुतीचा निकाल लागायला हवा होता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट, तिथे कृष्णा ५७ च्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पंचगंगेने पुन्हा तीच पातळी दाखवली.

पुरात ठाण्याचं नेहमीचं काम थांबत नाही, त्यात भर पडते. रिकाम्या घरांतल्या चोऱ्या, लॉकअपमधले आरोपी हलवणं, मुद्देमाल वरच्या मजल्यावर नेणं, महामार्गावर अडकलेल्या ट्रकवाल्यांची जेवणाची सोय, बेपत्तांच्या नोंदी, मृतदेहांचे इन्क्वेस्ट पंचनामे, 'धरण फुटलं' अशा अफवा, आणि त्यात मंत्र्यांचे दौरे. हे करणाऱ्या हवालदाराचं स्वतःचं घर पोलीस लाईनीत पाण्याखाली असतं. बायको-पोरं कुठल्या शाळेत हलवली हे त्याला संध्याकाळी कळतं.

पण माझा मुख्य मुद्दा पाणी यायच्या आधीच्या दहा-बारा तासांचा आहे. एकदा पाणी शिरलं की सगळे धावतात, तिथे आपली पोरं कमी पडत नाहीत. त्याआधी, रस्ता कोरडा असताना, वर ऊन असताना, रस्ता बंद करा, जत्रा थांबवा, धबधब्यावर जाऊ देऊ नका असं म्हणायची वेळ येते, तेव्हा अधिकारी एकटा पडतो. लोकांनी त्याचं म्हणणं ऐकलं आणि पाणी आलं नाही, तर आमदारांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याच्यावर. ऐकलं नाही आणि माणसं गेली, तर चौकशी त्याचीच. पुढच्या वीस वर्षांत पोलीस अधिकाऱ्याचं नेतृत्व इथेच जोखलं जाणार असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. खात्यातल्या लोकांच्या घरच्यांनी तर जरूर लिहा.

शंकासुर

काका, तळमळ पोचली, पण एक गोष्ट खटकते. सगळं हवामानबदलाच्या खात्यावर टाकलं की माणसांच्या चुका झाकल्या जातात. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा कोणी हा शब्द ऐकला नव्हता. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, गावकरी आधीपासून गळती दाखवत होते. सांगली-कोल्हापुरात पूररेषेच्या आत कॉलन्या उभ्या राहिल्या, त्या पावसाने बांधल्या का?

घाटकोपरचंच घ्या. १३ मे २०२४ ला वादळी वारा आला आणि जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती आणि फलक १२० बाय १२० चा. जागा रेल्वे पोलिसांची. ज्यांच्या काळात परवानगी दिली गेली ते तत्कालीन रेल्वे पोलीस आयुक्त पुढे निलंबित झाले. यात हवामानाचा किती दोष?

कृष्णाकाठ

@शंकासुर, दोष माणसांचाच, त्यात वाद नाही. तिवरेही तसंच. पण तुमच्या उदाहरणातून माझंच म्हणणं पुढे जातं. मे महिन्यात मुंबईत असा वारा येणार नाही हे गृहीत धरून आपण पूर्वी बऱ्याच चुका पचवल्या. फलक बेकायदा असला तरी उभा राहायचा, पूल कमकुवत असला तरी टिकायचा, पूररेषेतल्या घरात पंधरा वर्षांतून एकदा पाणी यायचं. ती सवलत आता मिळत नाही. अधिकाऱ्याने सही करताना हे ध्यानात घ्यायला हवं, आणि पोलीस अधिकारी बऱ्याच गोष्टींवर सही करत असतो. मंडप, मिरवणूक, सभा, फटाक्यांचे स्टॉल.

बदलतेवारे

थोडी आकडेवारी देतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पावसाची एकूण बेरीज काही तिप्पट झाली नाही. तोच पाऊस थोड्या दिवसांत, थोड्या तासांत पडू लागला. महाबळेश्वरला २०२१ च्या जुलैत २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला तो हाच प्रकार, आणि त्याच पावसाने चिपळूण, महाड बुडवलं. अरबी समुद्र तापत चाललाय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते कोकणच्या कडेने वर गेलं.

पोलिसांसाठी याचा अर्थ असा की हातात मिळणारा वेळ कमी होतोय. कृष्णेचा पूर चढायला दिवस घेतो, धरणांच्या विसर्गाचे आकडे रोज येतात. कोकणातली नदी रात्रीतून चढते. दरड तर काहीच वेळ देत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. रेड अलर्ट संपूर्ण जिल्ह्याला असतो. सोमवारी रेड, मंगळवारी ऑरेंज, बुधवारी पुन्हा रेड, आणि तुमच्या तालुक्यात चार थेंब. दर वेळी सगळं बंद केलं तर तिसऱ्या वेळी लोक अधिकाऱ्याचं ऐकणार नाहीत. रंग बघून निर्णय घेण्यापेक्षा आपल्या हद्दीतली नदीची पातळी, धरणाचा विसर्ग आणि तालुक्यातली पर्जन्यमापकं हे तिन्ही एकत्र वाचणारा माणूस प्रत्येक उपविभागात लागेल. हे शिकवता येतं, फार अवघड नाही.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल इथे पूर्वी लिहिलंय, पुन्हा सगळं लिहीत नाही. पण काकांनी मुद्देमालाचा विषय काढला म्हणून सांगते. आमच्या एसटी आगारात पाणी भरलं, तेव्हा आगार व्यवस्थापक आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले होते. गावात ते अजून आदराने सांगतात. माझा प्रश्न असा की कचेरीतली रोकड, कागद, पुरावे वाचवायला माणसाने जीव धोक्यात घालायची वेळ का यावी? पोलीस ठाणं, कोर्ट, आगार नदीकाठच्या सखल भागात असेल तर तळमजल्यावर कपाट ठेवायचं नाही, एवढा निर्णय जूनच्या आधी कोणीतरी घ्यायला नको का? खुनाच्या खटल्यातले कपडे, बलात्काराच्या खटल्यातले नमुने भिजून गेले तर त्या बाईने न्याय कोणाकडे मागायचा?

आणि पोलीस पाटलांबद्दल कोणी बोललं नाही. डोंगरातल्या वाडीवर सगळ्यात आधी त्यांना कळतं. झऱ्याला गढूळ पाणी यायला लागलं, जमिनीला भेग पडली, गुरं गोठ्यात थांबेनात. हे ते कोणाला सांगतात? ठाण्याला फोन लावला तर ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करतो. त्या नोंदीचं पुढे काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

कृष्णाकाठ

@वाशिष्ठीताई, फार नेमकं लिहिलंत. इर्शाळवाडीची दरड आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुका. वर जायला गाडीरस्ता नाही, चिखलातून चढून जायचं. २७ मृतदेह मिळाले आणि चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. मदतीला वर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. आपण पन्नाशीच्या माणसाला अर्ध्या रात्री डोंगर चढायला पाठवतो तेव्हा त्याची शेवटची वैद्यकीय तपासणी कधी झाली हे बघतो का? ज्याच्या सहीने तुकडी निघते, हे बघणं त्याचं काम आहे.

बेपत्तांच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. देह मिळाला नाही तर कायद्याने मृत्यू गृहीत धरायला सात वर्षं थांबावं लागतं. दरडीसारख्या घटनेत शासन वेगळा निर्णय घेऊन लवकर मृत घोषित करतं, इर्शाळवाडीत तसं केलं. पण त्याचा पाया पोलिसांचा पंचनामा आणि नातेवाइकांचे जबाब असतात. कोण त्या रात्री वाडीत होतं, कोण कामाला बाहेरगावी होतं, हे एकेक नाव घेऊन ठरवावं लागतं. सगळं घर गेलेल्या पोराला समोर बसवून हे विचारायचं असतं. त्याचं प्रशिक्षण माझ्या काळात तरी नव्हतं.

रामटेककर

पाण्यावर सगळे बोलून राहिले, विदर्भातून उन्हाचं सांगतो. माझी बायको वाहतूक शाखेत आहे. शहराचं नाव लिहीत नाही.

मे महिन्यात ४५-४६ अंश, खाली डांबर, बाजूला बसच्या इंजिनाची हवा. ड्युटीवर ती पाणी कमी पिते. कारण सोपं आहे, पॉइंटच्या आसपास बाईमाणसाला जायला जागा नाही. हॉटेलवाल्याला रोज रोज विचारायचं कसं? म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायचं. घरी आली की डोकं धरून बसते. गेल्या काही वर्षांत मूत्रमार्गाचा त्रास तिच्या सोबतच्या किती जणींना झाला ते मी ऐकून आहे. टोपी, ताक, ओआरएसची पाकिटं वाटतानाचे फोटो येतात, ते चांगलंच आहे. अहमदाबादेत वातानुकूलित हेल्मेट देऊन बघितली. नागपुरात दुपारच्या वेळी काही सिग्नल बंद ठेवायचा निर्णय झाला, त्याने उभ्या गाडीवाल्यांना आराम झाला. पण पॉइंटवर शौचालय हवं, हा निर्णय कोणत्या साहेबाने घ्यायचा? महापालिकेशी भांडून एक फिरतं शौचालय मिळवलं तर त्या अधिकाऱ्याच्या नावाने पन्नास घरं दुवा देतील.

२०२४ च्या लोकसभेत शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात उष्णतेने ३३ निवडणूक कर्मचारी गेले, त्यात होमगार्ड होते. होमगार्ड मानधनावर, वय जास्त, दूरच्या तालुक्यातून आदल्या रात्री ट्रकात बसून आलेला. बंदोबस्ताच्या यादीत तो फक्त एक आकडा असतो.

बदलतेवारे

रामटेककर, तुमच्या बायकोने जे सोसलं त्याला हवामानशास्त्रात आर्द्रतेची जोड दिली की नवी मुंबईतल्या खारघरला काय झालं ते समजतं.

१६ एप्रिल २०२३. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखो श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कार मिळालेल्या आप्पासाहेब धर्माधिकारींचे अनुयायी, सकाळपासून बसलेले. १४ जण उष्माघाताने गेले. जवळच्या केंद्रावर कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भातला माणूस म्हणेल, ३८ म्हणजे काय ऊन झालं? पण किनारपट्टीसाठी हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषच ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असा आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. त्या एप्रिलमधल्या दमट उष्णतेवर आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन गटाने अभ्यास केला. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे अशी उष्णता भारत-बांगलादेशात किमान ३० पटींनी जास्त संभवनीय झाली, असं त्यांनी म्हटलं. घटनेनंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असा निर्णय सरकारने जाहीर केला. तो आधी हवा होता.

शंकासुर

खारघरचा मुद्दा मान्य. पण सांगा, ज्या मंचावर केंद्रीय गृहमंत्री आणि मुख्यमंत्री बसणार, तो कार्यक्रम संध्याकाळी घ्या असं कोणता पोलीस अधिकारी सांगेल? तुम्ही 'नेतृत्व' म्हणता, पण अधिकार कुठे आहे?

आणि उलटी भीतीही आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लगेच पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले. मक्याची कणसं, भजी विकून चार महिन्यांत वर्ष काढणाऱ्या माणसाला त्याचा फटका बसतो. पोलिसाच्या हातात 'नाही' म्हणायचा अधिकार आला की तो पहिल्यांदा गरिबावर चालतो, हा आपला अनुभव आहे.

लातूरकर

शंकासुर यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं. पाचपेक्षा जास्त माणसं टाकीजवळ जमायची नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. मी तेव्हा तिथेच होतो. घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईपुढे काठीवाला पोलीस उभा, आणि दोघांच्याही घरी नळ कोरडा. त्या पोलिसांनी लोकांना बरं सांभाळून घेतलं, हे मी साक्षीने सांगतो. टँकरची रांग लावली, म्हाताऱ्या माणसांच्या घागरी उचलून दिल्या. पण आदेश काढणाऱ्याने पाण्याचा प्रश्न जमावाचा प्रश्न करून टाकला होता.

याचं टोक आपण ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पाहिलं. पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तिघं गेले. तो दुष्काळाचा प्रसंग नव्हता, राजकारण होतं, हे मला ठाऊक आहे. पण पुढे पाणी कमी आणि शहरं मोठी, असं होणार आहे. जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं की आजही गेटवर बंदोबस्त लावावा लागतो. नगर-नाशिकचा शेतकरी एका बाजूला, मराठवाड्याचा दुसऱ्या बाजूला, मध्ये पोलीस. बंदूक कुठे न्यायची नाही हे आधी ठरवणारा अधिकारी तिथे हवा.

पॅसिफिककाठी

मी बरीच वर्षं कॅनडात, व्हँकुव्हरजवळ राहते. इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

२०२१ च्या जूनअखेर इथे उष्णतेचा घुमट बसला होता, म्हणजे गरम हवा एकाच भागावर अडकून राहिली होती. लिटन गावात ४९.६ अंश. हे विदर्भाचे आकडे आहेत, आणि इथल्या घरांत पंखासुद्धा नसायचा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ माणसं उष्णतेने गेली, जवळजवळ सगळी घराच्या आत, त्यांतली पुष्कळशी एकटी राहणारी म्हातारी. घरात अचानक कोणी मेलेलं सापडलं की पोलिसांना जावं लागतं. व्हँकुव्हर पोलिसांकडे अशा वर्दी इतक्या आल्या की त्यांनी डझनावारी अधिकारी दुसऱ्या कामावरून काढून याच कामाला लावले, आणि अगदीच तातडी असेल तरच ९११ ला फोन करा असं लोकांना सांगितलं. म्हणजे उष्णतेची लाट हा रुग्णालयाइतकाच पोलीस ठाण्याचाही भार आहे. तुमच्याकडे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात ठेवायची पद्धत काही शहरांत आहे ना? ती यादी घेऊन उन्हाळ्यात दार वाजवायला जाणं हे अगदी शक्य काम आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं, आणि ते इशारा म्हणून घ्या. २००५ च्या ऑगस्टअखेर कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. पोलिसांची स्वतःची घरं गेली, बरेच जण कामावर आलेच नाहीत. शहरात खून-बलात्कार चाललेत अशा अफवा पसरल्या आणि शहराच्या पोलीसप्रमुखांनी स्वतः त्या जाहीर बोलून दाखवल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे निराधार ठरल्या. लोकांना वाचवायचं काम मध्येच सोडून पोलिसांना लूट रोखायला वळवलं गेलं. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या घातल्या, दोघं गेले, आणि मग खोटे अहवाल लिहिले. त्या महिन्याअखेर पोलीसप्रमुखांनी पद सोडलं. वरचा माणूस घाबरला की खालचा माणूस पूरग्रस्ताला गुन्हेगार समजतो, हे तिथे दिसलं.

कृष्णाकाठ

@पॅसिफिककाठी, हे वाचून खरंच हललो. २०१९ ला आमच्याकडे एक गोष्ट चांगली झाली असं मी मानतो. बोटीतून लोक काढण्याच्या कामात गावची तालमीची पोरं, कोळी, ऊसतोडीचे ट्रॅक्टरवाले, सगळे खांद्याला खांदा लावून होते. त्यांना 'गर्दी' समजून हाकललं असतं तर किती माणसं गेली असती! त्या पोरांची नावं, फोन, कोणाला पोहता येतं, कोणाकडे होडी आहे, ही यादी ठाण्यात असली पाहिजे. आणि त्याच यादीत हेही असलं पाहिजे की होडीत किती माणसं बसवायची आणि लाइफ जॅकेटशिवाय होडी सुटणार नाही. ब्रह्मनाळ पुन्हा नको.

पोलिसांच्या घरांबद्दलही लिहितो. पूर येणाऱ्या गावात पोलीस लाईन आधी रिकामी करायची. लोकांना हे आपमतलबी वाटेल, पण घरच्यांची चिंता मिटलेला हवालदार तीन दिवस पाण्यात उभा राहतो. खात्याला माणसाचा विचार करता येत नाही असं नाही. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर साहेबांनी आठ तासांच्या पाळीची सुरुवात करून दाखवली. कोविडमध्ये मुंबई पोलिसांनी ५५ वर्षांपुढच्या लोकांना घरी थांबायला सांगितलं. म्हणजे ठरवलं तर होतं. मग ४५ अंशात पन्नाशीपुढच्या, रक्तदाबवाल्या माणसाला दुपारचा पॉइंट द्यायचा नाही, हा आदेश का निघू नये?

कायदेशीर

शंकासुर यांच्या 'अधिकार कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर देतो. अधिकार आहे, पण विखुरलेला आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि पोलीस अधीक्षक पदसिद्ध सदस्य. कलम ३४ प्रमाणे धोक्याची परिस्थिती असताना वाहतूक आणि प्रवेश रोखता येतो. 'धोक्याची परिस्थिती' म्हणजे आपत्ती घडून गेलेलीच असली पाहिजे असं नाही. निर्देश मोडणाऱ्याला कलम ५१ ची शिक्षा आहे. आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ७३ चं संरक्षण आहे, हे फार कमी अधिकाऱ्यांच्या लक्षात असतं. पूर्वीचं १४४ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा आदेश पोलीस आयुक्त स्वतः काढू शकतात. जिल्ह्यात अधीक्षकांना जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तेव्हा जिल्ह्यात या दोघांचं एकमेकांशी कसं आहे यावर निम्मं काम अवलंबून.

खारघरसारख्या वेळी एका अधिकाऱ्याने उठून 'नाही' म्हणावं ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. नकार परवानगीच्या कागदातच छापलेला असावा. इतक्या तापमानाचा अंदाज असेल तर १२ ते ५ कार्यक्रम नाही, सावलीशिवाय अमुक संख्येच्या वर माणसं नाहीत, नदीची पातळी इतकी झाली की परवानगी आपोआप रद्द. अर्जदार मंडळ असो की मंत्रालय, कागद एकच. मग कोणाला व्यक्तिशः वाईट व्हावं लागत नाही. आणि शंकासुर, गरिबावरच अधिकार चालतो ही तुमची भीती खरी आहे, म्हणूनच आकडा आधी जाहीर हवा. 'धबधबा बंद' असा महिनाभराचा आदेश काढण्यापेक्षा, वरच्या डोंगरात इतका पाऊस झाला की इतके तास बंद, आणि पाणी उतरलं की उघडा. कणीसवाल्याचा धंदा त्यात टिकतो.

शंकासुर

हे पटलं. आकडा आधी जाहीर असेल तर माझा विरोध नाही. फक्त तो आकडा ठरवताना त्या कणीसवाल्यालाही बोलवा. डोंगरात पाऊस झाल्यावर ओढा किती वेळाने चढतो हे त्याला बरोबर माहीत असतं.

गोदाघाट

नाशिकहून. सगळा धागा वाचताना माझ्या डोक्यात एकच विषय होता. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थातली मुख्य स्नानं आहेत. म्हणजे भर पावसाळा. रामकुंडावर लाखो माणसं, आणि वर गंगापूर धरण. आमच्याकडे पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. एरवी आम्ही पूर बघायला जातो, त्या दिवशी तिथे माणसांना उभं राहायला जागा नसेल. स्नानाच्या मुहूर्तालाच विसर्ग वाढवायची वेळ आली तर काय करायचं? आखाड्यांना थांबा कोण म्हणणार? रांगेत मागे उभ्या असलेल्या लाखभर माणसांना कोण आणि कसं सांगणार, म्हणजे चेंगराचेंगरी होणार नाही? काका, तुम्ही बंदोबस्तातले, तुम्ही सांगा.

कृष्णाकाठ

@गोदाघाट, मी नाशिकच्या बंदोबस्ताला नव्हतो, पण मला विचाराल तर सांगतो.

पहिलं, धरणाचा निर्णय आणि घाटाचा निर्णय एका खोलीत बसून व्हायला हवा. जलसंपदाचा अभियंता कंट्रोल रूममध्ये पोलीस आयुक्तांच्या शेजारी हवा, फोनवर नको. गेट उघडल्यापासून पाणी रामकुंडाला पोचायला किती वेळ लागतो तो आकडा भिंतीवर लिहिलेला हवा, आणि घाट रिकामा करायला किती वेळ लागतो तो रंगीत तालमीत मोजलेला हवा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर त्या दिवशी घाटावर तेवढी माणसं सोडायचीच नाहीत. स्नानाच्या आधीच्या आठवड्यात धरणात जागा करून ठेवायची की नाही, हेही त्याच खोलीत ठरवायचं. दुष्काळाच्या भीतीने पाणी धरून ठेवायचा दबाव असणार, तो तेव्हाच बोलून घ्यायचा.

दुसरं, आखाड्यांच्या महंतांशी आत्ताच बसायचं. किती विसर्गाला स्नान थांबेल, पर्यायी जागा कोणती, हे त्यांच्या सहीने ठरलं पाहिजे. ऐनवेळी पोलिसाने सांगितलं तर तो अपमान वाटतो, आधी त्यांनीच मान्य केलं असेल तर ते आपल्या माणसांना स्वतः थांबवतात. गणपती मंडळांबरोबर आम्ही हेच करत आलोय.

तिसरं, माघारी जायचा रस्ता. रांग थांबवायची तर ती घाटावर थांबवायची नाही, गावाबाहेर वाहनतळावर थांबवायची. घाटाजवळ थांबवलेली रांग मागून ढकलली जाते.

वाशिष्ठी

काका, हे सगळं छान, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमच्या ठाण्यात पुराची फाईल आहे की नाही हे आम्हाला कसं कळणार?

कायदेशीर

@वाशिष्ठी, कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा असतो. बहुतेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्यात पोलिसांचा भाग काढून वाचा. तुमच्या ठाण्याचं नाव, रस्ता बंद करायची पातळी, मुद्देमाल हलवायची जागा, पोलीस पाटलांचा फोन आला तर पुढे कोणाला कळवायचं, यातलं काय आहे आणि काय नाही ते बघा. जे नाही त्याबद्दल माहिती अधिकारात विचारा आणि अर्जाची एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला द्या. मे महिन्यात विचारा, जुलैत उत्तर द्यायला कोणाला वेळ नसतो.

वाशिष्ठी

करते. आमच्या वाडीच्या पोलीस पाटलांनाही सोबत घेते. आराखड्यात काय मिळालं ते इथेच लिहीन. सांगली, रायगड, नाशिकवाल्यांनीही आपापल्या जिल्ह्याचं लिहा, म्हणजे शेजारी लावून बघता येईल.